'लो व्हीओसी' छापलेलं सीलंट घेतलं की झालं का?

तुम्ही विचारलंय की हरित इमारतीच्या कामात खिडक्या, बाथरूम आणि बाहेरच्या भिंतींचे सांधे भरायला 'लो व्हीओसी' (म्हणजे हवेत उडणारी सेंद्रिय रसायनं कमी असलेलं) छापलेलं कोणतंही सीलंट चालेल का. नाही. त्या शब्दांवरून खोलीत काय सुटणार हे कळत नाही, आणि सांधा टिकेल का हे तर मुळीच नाही.

डेटाशीटवरचा 'ग्रॅम प्रति लिटर' हा आकडा ट्यूबमध्ये काय भरलंय ते सांगतो. कॅलिफोर्नियाच्या साउथ कोस्ट भागाचा हवा-प्रदूषणावरचा नियम ११६८ याच पद्धतीने मोजतो, पण त्यात ॲसिटोनसारखी वगळलेली द्रावकं धरतच नाहीत. राहणाऱ्याच्या श्वासाशी संबंध असतो तो उत्सर्जन चाचणीचा: नमुना चेंबरमध्ये ठेवून ठरावीक दिवसांनी तिथली हवा तपासतात. जर्मनीच्या ईमिकोड या उत्सर्जन लेबलमध्ये ईसी१ प्लस या सर्वांत कडक वर्गासाठी २८ दिवसांनंतर एकूण व्हीओसी ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरच्या आत लागतं, ईसी१ साठी १००. फ्रान्सच्या ए प्लस लेबलला १००० पर्यंत मुभा आहे, म्हणून नुसतं 'ए प्लस' बघून समाधान मानू नका. विक्रेत्याकडून चाचणीचा पूर्ण अहवाल मागा आणि त्यातलं उत्पादनाचं नाव डब्यावरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळवा.

आता रसायन, कारण खरा फरक तिथे पडतो. ट्यूब उघडताच व्हिनेगरसारखा वास आला तर ते ॲसिटॉक्सी सिलिकॉन. काचेवर छान बसतं, पण सुटणाऱ्या ॲसिटिक ॲसिडमुळे तांबं गंजतं, आणि संगमरवर किंवा काँक्रीटमधल्या चुन्याशी ते ॲसिड भिडल्यामुळे पकड सुटते. मग लोक 'न्यूट्रल' सिलिकॉन घेतात, पण न्यूट्रलमध्येही दोन जाती आहेत. ऑक्झाइम जातीतून सुकताना मिथाइल इथाइल कीटॉक्झाइम सुटतं, ज्याला युरोपने १बी वर्गात, म्हणजे माणसाला कर्करोगकारक मानलेल्या पदार्थांत टाकलंय. अल्कॉक्सी जातीतून मिथेनॉल किंवा इथेनॉल थोड्या प्रमाणात सुटतं. घराच्या आत मी अल्कॉक्सी किंवा एमएस पॉलिमर (सिलिकॉनपेक्षा वेगळ्या रसायनाचं सीलंट) हेच सुचवेन. एमएस पॉलिमरमध्ये पॉलियुरेथेन सीलंटमधलं श्वासाला त्रासदायक आयसोसायनेट नसतं आणि बऱ्याच प्रकारांवर रंगही लागतो. सिलिकॉनवर रंग धरत नाही, हे रंगाऱ्याला आधीच सांगून ठेवा. पाण्यावर आधारित ॲक्रिलिक वाफेच्या बाबतीत सौम्य असतं, पण पाणी उडून गेलं की आकसतं. भिंत आणि चौकटीमधल्या न हलणाऱ्या फटीत वापरा. शॉवरपाशी किंवा बाहेरच्या हलत्या सांध्यात नको. तिथे दोन वर्षांत ते फाटलं तर पुन्हा खरवडणं, पुन्हा सीलंट, पुन्हा उत्सर्जन. हरित म्हणून घेतलेल्या मालाचा याहून मोठा अपव्यय नाही.

हलत्या सांध्याला आयएसओ ११६०० या मानकाच्या २५ वर्गाचं, म्हणजे रुंदीच्या २५ टक्के हालचाल सोसणारं सीलंट घ्या. सीलंटच्या थराची खोली सांध्याच्या रुंदीच्या साधारण निम्मी ठेवा, पण ६ मिलिमीटरपेक्षा कमी नको. मागे बंद छिद्रांचा फोम बॅकर रॉड (सीलंटच्या पाठीशी बसवायची गोल दोरी) सांध्याच्या रुंदीपेक्षा सुमारे पाव पट जास्त जाड घ्या आणि बोथट हत्याराने दाबा. तो टोचला गेला तर आतली हवा सीलंटमध्ये बुडबुडे करते. रॉडच नसेल तर सीलंट तळालाही चिकटतं आणि तीन बाजूंनी धरल्यामुळे सांधा हलला की फाटतं.

हिशेबही सोपा आहे. १२ मिलिमीटर रुंद आणि ६ मिलिमीटर खोल सांध्याला मीटरमागे ७२ मिलिलिटर लागतं, म्हणजे ६०० मिलिलिटरच्या सॉसेजमध्ये (सीलंटच्या लांबट पिशवीत) जेमतेम ८ मीटर. वाया जाणारं धरून ७ मीटर मोजा.

एक गोष्ट हमखास राहून जाते: प्रायमर (सीलंटची पकड वाढवायला आधी लावायचा थर) आणि क्लीनर. सीलंट कितीही शुद्ध असलं तरी द्रावकाचा प्रायमर सगळ्यावर पाणी फिरवतो. ग्रीन रेटिंगच्या कागदांत त्याची नोंद वेगळी करावी लागते. प्रायमर खरंच हवा का हे पकडीची चाचणी करून ठरवा. त्याच पृष्ठभागावर नमुन्याचा सांधा भरा आणि पूर्ण सुकू द्या. बहुतेक सीलंट दिवसाला २ ते ३ मिलिमीटर सुकतात, पण पकड पक्की व्हायला दोन-तीन आठवडे द्या. मग सुमारे ५० मिलिमीटर लांबीची पट्टी कापून वर उचला आणि काटकोनात ओढा. सीलंट मधून तुटलं तर प्रायमरची गरज नाही. पृष्ठभागावरून स्वच्छ सोलून निघालं तर प्रायमर लागेल किंवा सीलंट बदलावं लागेल, आणि हे सगळा माल मागवण्याआधीच कळायला हवं.