वॉकी-टॉकी हाती घेताना
वॉकी-टॉकीवर एका वेळी एकानेच बोलायचे असते, कारण बटण दाबताच संच ऐकणे थांबवून प्रक्षेपण सुरू करतो. म्हणून बटण दाबल्यावर क्षणभर थांबून मगच बोलावे, अन्यथा पहिला शब्द हमखास गिळला जातो. ओरडू नये; ओरडल्याने आवाज फाटतो, पल्ला वाढत नाही. पल्ला वाढतो तो उंचीने आणि अँटेना उभा धरल्याने: १४५ मेगाहर्ट्झच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात, त्यामुळे ५ वॉटचा संचही डोंगराआड मुका ठरू शकतो, तर शिखरावरून अर्धा वॉटही अनेकदा पुरतो. स्क्वेल्च, म्हणजे संकेत नसताना येणारी खरखर दाबणारे नियंत्रण, खरखर जेमतेम थांबेल इतकाच वाढवावा. त्यापुढे दूरचे क्षीण संकेतही गाळले जातात. अँटेना काढलेला असताना बटण मात्र कधीही दाबू नये, कारण परत फिरलेल्या ऊर्जेने प्रक्षेपणाचा ट्रान्झिस्टर जळू शकतो.