‘पडणारेच दात आहेत ना, मग एवढं कशाला?’

हा प्रश्न घेऊन लहान मुलांच्या आया माझ्याकडे सारख्या येतात. मी दंतवैद्य नाही, पालकांशी बोलणारी समुपदेशक आहे. तरी येतात, कारण दवाखान्यात उपचार कळतात, पण घरी आल्यावर ठरत काहीच नाही.

लालबागची एक आई अशीच आली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगा चार वर्षांचा. खुर्चीत नीट टेकायच्या आधीच तिने मोबाइल पुढे केला. टॉर्च लावून काढलेला तोंडाचा फोटो होता. वरच्या पुढच्या चार दातांवर हिरडीलगत तपकिरी पट्टा, खाली डावीकडच्या दाढेत खड्डा आणि त्या दाढेशेजारी हिरडीवर मोहरीएवढी पुळी. “पोळीचा घास उजव्या गालात धरून बसतो. तासभर जेवण चालतं. मला वाटायचं नखरे करतोय. ओरडायचे मी त्याला,” ती म्हणाली आणि रडायला लागली.

एका डॉक्टरांनी पूर्ण भूल देऊन सगळे दात एकदाच करू, असं सुचवलं होतं. दुसऱ्यांचं म्हणणं, जागेपणीच तीन-चार वेळा बोलावू. भूल म्हटल्यावर तिची झोप उडाली होती आणि खर्चाचा आकडा ऐकून नवरा गप्प झाला होता. सासूबाई म्हणत, “आमच्या पोरांचे किडले, पडले, नवे आले.” यात तीन आठवडे गेले होते.

तिला खरं काय खात होतं ते अर्ध्या तासाने बाहेर आलं. “रात्रीची बाटली मीच द्यायचे, मॅडम. साखर घालून.” ऑफिसातून घरी यायला रात्रीचे आठ, नवऱ्याची पहाटेची पाळी, चाळीतली एकच खोली. पोर रडलं की सगळं घर जागं. बाटली तोंडात दिली की शांत. मी तिला सांगितलं की झोपेत लाळ कमी सुटते, गोड दूध वरच्या दातांवर साचून राहतं, जिवाणू त्या साखरेचं आम्ल करतात आणि ते आम्ल दात खातं. खालचे पुढचे दात जिभेखाली झाकले जातात, म्हणून ते बहुधा वाचतात. तिने पुन्हा फोटो पाहिला. खालचे दात खरंच पांढरे होते. हे तिला कोणी आधी सांगितलंच नव्हतं. दोष द्यायला मात्र सगळे होते, आणि सगळ्यांत पुढे ती स्वतःच. जोवर घरात ‘कोणामुळे झालं’ हेच चालू असतं, तोवर ‘आता काय करायचं’ याला कोणी हात घालत नाही. हे मी कितीतरी घरांत पाहिलं आहे.

पुढच्या वेळी तिघांनाही बोलावलं. सासूबाईंना मी समजावत बसले नाही. त्यांच्या मुलांचे दात किडले तेव्हा काय झालं होतं, एवढंच विचारलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग स्वतःच्या मुलाकडे बघून म्हणाल्या, “याचाच गाल सुजला होता. पहिलीत होता. रात्री टॅक्सी करून नेला. तीन दिवस नुसत्या पेजेवर.” नवऱ्याला यातलं काही आठवत नव्हतं. त्याने सवयीने गालावर हात नेला.

त्यानंतर बोलणं सोपं झालं. पुढचे दुधाचे दात सहा-सात वर्षांच्या सुमाराला पडतात, पण मागच्या दाढा दहा ते बाराव्या वर्षापर्यंत राहतात. म्हणजे ती किडकी दाढ या मुलाला अजून सहा-आठ वर्षं चावायला हवी होती. ती लवकर काढली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या कायमच्या दाताला वाट उरत नाही. पुळी म्हणजे आत पू झालेला. त्याला थांबून चालत नाही.

डॉक्टरांना काय विचारायचं ते आम्ही त्यांच्याच फाइलच्या मागे लिहिलं. कुठला दात आजच करायला हवा, कुठला थांबू शकतो? भूल दिली तर ती देणारे भूलतज्ज्ञ वेगळे असतील का, आणि त्यानंतर मुलाला कुठे ठेवणार? कीड नुसतं औषध लावून थोपवता येईल का? खर्चाचं नवऱ्याने विचारलं. मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय आणि सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय, दोन्हीकडे लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे. तिथे वेळ जास्त जातो, पैसे कमी.

भूल टाळायलाच हवी, असं मी कुणाला सांगत नाही. मूल अगदी लहान असेल, खूप घाबरत असेल, आठ-दहा दात किडलेले असतील, तर त्याला धरून, रडवून चार वेळा उपचार करण्यापेक्षा एकदा भूल दिलेली बरी ठरू शकते. या मुलाचं तसं नव्हतं. तो खुर्चीत बसत होता, आरसा हातात मागत होता. शेवटी डॉक्टरांशी बोलून त्यांनी ठरवलं ते असं: पुळीवाल्या दाढेचं रूट कॅनल करून वर स्टीलची टोपी, आणि पुढच्या चार दातांना सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. या औषधाने कीड बहुतेक वेळा थांबते, पण किडलेला भाग कायमचा काळा पडतो. हे कळल्यावर आईचा पाय पुन्हा मागे आला. “शाळेत हसतील.” तिच्याबरोबर आम्ही सगळेच त्या काळ्या रंगापाशी बराच वेळ थांबलो. होकार तिचा तिनेच दिला, दोन दिवसांनी, फोनवर.

रात्रीची बाटली बंद झाली. घासायचं काम सासूबाईंनी घेतलं: नातवाचं डोकं मांडीवर, बोटाने ओठ वर, वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट.

गणपतीत घरी आलेल्या कुणीतरी विचारलंच, “अगंबाई, याचे दात काळे कसे?” आईने उत्तर द्यायच्या आत सासूबाई म्हणाल्या, “औषध लावलंय. आता कीड वाढत नाही.” आणि नातवाच्या हातात मोदक दिला, पाण्याच्या पेल्यासकट.