मर्जचा अधिकार देण्याआधी रिव्ह्यू करायला लावा

तुमची अडचण मला समजली ती अशी: देवनागरी मजकूर शुद्ध करणारी लायब्ररी, सांभाळणारे दोघेच, पुल रिक्वेस्ट (लोकांनी पाठवलेले कोडमधले बदल) साचल्या आहेत आणि एक उत्साही सदस्य म्हणतोय की मर्जचा, म्हणजे ते बदल मूळ कोडमध्ये घेण्याचा अधिकार द्या, भराभर संपवतो. माझ्या मते अधिकार आत्ता देऊ नका. आधी त्याला रिव्ह्यू, म्हणजे इतरांच्या बदलांची तपासणी करू द्या.

कोड देणारा एका संध्याकाळीत मोकळा होतो, तो कोड पुढे वर्षानुवर्षं निस्तरायचा तुम्हाला. त्यामुळे खरी टंचाई वाचणाऱ्यांची आहे. पोस्टग्रेस या डेटाबेसवाल्यांनी त्यावर कमिटफेस्ट काढला. ठरावीक महिन्यांत आलेले पॅच (कोडमधले बदल) तपासण्यावर भर द्यायचा, आणि ज्याने पॅच दिला त्याने दुसऱ्या कुणाचा तरी तपासावा ही अपेक्षा. कमिटचा, म्हणजे बदल कोडमध्ये पक्का करण्याचा अधिकार मोजक्यांकडेच.

रिव्ह्यूत काय बघायचं? समजा तीन ओळींचा पॅच आला: 'नको असलेली अदृश्य अक्षरं काढली'. कोड स्वच्छ, सगळ्या टेस्ट पास. पण त्या अदृश्य अक्षरांत झेडडब्ल्यूजेही (शेजारची अक्षरं कशी जोडून दिसावीत हे सांगणारं चिन्ह) आलं. जुन्या पद्धतीने टंकलेल्या मजकुरात 'दुसर्‍या' हा शब्द र, हलंत, झेडडब्ल्यूजे, मग य असा साठवलेला असतो. ते काढलं की 'दुसर्या' होतं, य वर रफार चढतो. फक्त हिंदी मजकुरावर चालवून बघणाऱ्याच्या हे लक्षातही येणार नाही. म्हणून प्रत्येक दुरुस्तीसोबत बदलाआधी नापास आणि बदलानंतर पास होणारी टेस्ट मागा, मराठीचे असे नमुने कायमचे टेस्टमध्ये घाला, आणि बदल का केला हे कमिट मेसेजमध्ये लिहायला लावा. स्पेसिंगची साफसफाई आणि लॉजिकमधला बदल एकाच पॅचमध्ये आला तर न वाचता परत पाठवा, दोन करून आणू दे.

घाईबद्दल एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या ओपन सोर्स प्रोग्रॅमचं प्रकरण जरूर आठवा. जिया टॅन या नावाने कुणीतरी दोन-अडीच वर्षं पॅच दिले. तो प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या थकलेल्या एकट्या मेन्टेनरवर इतर खात्यांवरून 'दुसऱ्याला अधिकार द्या' असा दबाव आला, आणि अधिकार मिळाले. 2024 मध्ये 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत बॅकडोअर (गुपचूप आत शिरायची चोरवाट) निघालं. घातक भाग टेस्टसाठीच्या बायनरी (वाचून कळत नाहीत अशा) फाइलींत लपवलेला, आणि तो जागा करणारी स्क्रिप्ट गिटमध्ये, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या साठ्यात नव्हतीच, फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये (वाटण्यासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात) होती. पोस्टग्रेसचे आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच लॉगिनला (दूरच्या संगणकात शिरायला) अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं म्हणून ते सापडलं. तुमचा सदस्य प्रामाणिकच असेल, पण नियम माणूस बघून करू नयेत. बायनरी फाइल आली तर ती बनवणारी स्क्रिप्टही मागा. रिलीज थेट रिपॉझिटरीतून (कोडच्या साठ्यातून) आपोआप बनू दे. स्वतःचा पॅच स्वतः मर्ज करायचा नाही, तुम्ही दोघांनीही.

शब्दयाद्यांच्या पॅचना वेगळी काळजी लागते. छापील कोशातून उचललेली यादी कॉपीराइटच्या भानगडीत अडकवू शकते. लिनक्स कर्नलमध्ये 2004 पासून प्रत्येक पॅचखाली साइन्ड-ऑफ-बायची ओळ असते: हा कोड द्यायचा मला हक्क आहे, एवढंच त्यात देणारा सांगतो. तीच पद्धत घ्या, वकील लागत नाही.

आणि नकार द्यायचा तर लवकर द्या. आठवडाभरात 'हे आमच्या कक्षेत बसत नाही' असं कारणासह कळलं तर माणूस पुन्हा येतो, सहा महिने उत्तरच नाही तर येत नाही. साचलेल्यातल्या जुन्या पाच रिक्वेस्ट आजच त्या सदस्याकडे रिव्ह्यूला द्या. तो काय विचारतो, काय त्याच्या नजरेतून सुटतं हे काही महिने बघा, मग अधिकाराचं ठरवा.