वाचकांचे प्रश्न : वाडे, गल्ल्या आणि यथार्थदर्शन

प्रश्न : मी कोल्हापुरातील जुने वाडे आणि पेठांमधील गल्ल्या मोबाइलवर घेतलेल्या छायाचित्रांवरून रेखाटतो, परंतु इमारती मागे कलल्यासारख्या आणि कडेची घरे ताणल्यासारखी दिसतात. यथार्थदर्शनाचे (पर्स्पेक्टिव्हचे) चांगले संदर्भ कोठे मिळतील, आणि साध्या लॅपटॉपवर चालणारे मोफत सॉफ्टवेअर आहे का?
– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : आपण सांगितलेले दोन्ही दोष बहुतांशी छायाचित्रातून आलेले आहेत, म्हणून ग्रंथ आणि सॉफ्टवेअर यांच्याआधी छायाचित्र कसे घेतले जाते याचा विचार करू. भवानी मंडपाजवळचा नगारखाना चौकटीत बसावा म्हणून मोबाइल वरच्या बाजूला कलता धरला, की उभ्या रेषा एकमेकींकडे झुकू लागतात आणि आपल्याला नको असलेला तिसरा लोपबिंदू, म्हणजे समांतर रेषा दूर जाऊन मिळताना दिसतात तो बिंदू, आकाशात तयार होतो. मोबाइल अगदी उभा धरावा, मागे सरकावे आणि वरचा भाग तरीही कापला जात असेल, तर तो प्रत्यक्ष पाहून काढावा. कडेची घरे ताणली जातात, कारण मोबाइलचे मुख्य भिंग बरेच रुंद दृश्य टिपते, आणि अरुंद गल्लीत आपण भिंतींच्या फार जवळ असतो. झूम केल्याने यथार्थदर्शन बदलत नाही, कारण ते केवळ पाहणाऱ्याच्या जागेवर अवलंबून असते. म्हणून जेथे मागे सरकता येत नाही, तेथे छायाचित्राच्या दोन्ही कडा सोडून मधलाच भाग रेखाटनासाठी घेणे हिताचे ठरते.

पाहणाऱ्याच्या या जागेचे महत्त्व कोल्हापूरच्या चित्रकारांना नवीन नाही. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे नात्याने भाऊ असलेले चित्रकार चित्रपटाकडे वळण्यापूर्वी नाटकांचे पडदे रंगवत असत, आणि पडद्यावर रंगवलेला रस्ता किंवा महाल प्रेक्षागृहातील एकाच ठिकाणाहून तंतोतंत बरोबर दिसतो, हा या कामातील मूळ प्रश्न असतो. कागदावरही तसेच आहे. पाहणारा कोठे उभा आहे आणि त्याचा डोळा किती उंचीवर आहे, हे ठरवल्याशिवाय ओढलेल्या रेषा नियमाने बरोबर असूनही चित्र पटत नाही. छायाचित्र घेताना परिचित व्यक्तीला दारापाशी उभे करावे. जमीन सपाट असेल, मोबाइल आपल्या डोळ्यांच्या उंचीवर धरला असेल आणि त्या व्यक्तीची उंची आपल्याएवढी असेल, तर तिच्या डोळ्यांतून जाणारी आडवी रेषा हीच आपली क्षितिजरेषा होय, आणि तिच्या उंचीवरून दाराचे मापही मिळते.

ग्रंथांपैकी जी. ए. स्टोरी यांचे १९१० साली प्रसिद्ध झालेले यथार्थदर्शनावरील इंग्रजी पुस्तक प्रोजेक्ट गुटेनबर्गवर आकृत्यांसह विनामूल्य उपलब्ध आहे. भाषा जुनी असली तरी त्यातील आकृत्या इंग्रजीचा फारसा सराव नसलेल्यालाही उपयोगी पडतील.

सॉफ्टवेअरपैकी ‘क्रिटा’ हे चित्रे काढण्याचे सॉफ्टवेअर मोफत आहे. त्यातील सहायक रेषांच्या साधनातून दोन लोपबिंदूंची चौकट निवडून ब्रश त्या रेषांना जोडून घेतला, की हाताने ओढलेली रेषा आपोआप लोपबिंदूकडे वळते. हे लोपबिंदू कागदाच्या बाहेर, बरेच दूर ठेवावेत. दोन्ही बिंदू कागदातच बसवण्याच्या सवयीमुळे वाड्याचा कोपरा चाकूच्या पात्यासारखा तीक्ष्ण होतो, आणि नवशिक्यांच्या चित्रांत हा दोष मला सर्वाधिक दिसतो. छायाचित्रातील लोपबिंदू शोधायचे असतील, तर ‘एफस्पाय’ हे दुसरे मोफत साधन वापरावे. चौथऱ्याची कड, खिडक्यांच्या चौकटी, कौलांची खालची रेषा अशा मुळात समांतर असलेल्या कडांवर त्यातील रेषा बसवल्या, की कॅमेऱ्याची दिशा आणि दृश्याची रुंदी ते काढून देते. मात्र छायाचित्र कापलेले नसावे, कारण चित्राचा मध्य हाच भिंगाचा मध्य असे ते गृहीत धरते. हीच माहिती ‘ब्लेंडर’ या त्रिमितीय आकार घडवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये नेऊन वाड्याच्या जागी साधे ठोकळे उभे करता येतात, परंतु तेथे थांबावे. सज्जे, तुळया आणि कोनाडे संगणकात घडवून त्यावरून गिरवलेल्या चित्रात चित्रकाराची निवड उरत नाही, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्न : कुस्तीचे खासबाग मैदान काढताना गोलाकार पायऱ्या नेहमी चुकतात. उपाय काय?
– एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : प्रथम वर्तुळाला स्पर्श करणारा चौरस यथार्थदर्शनात काढावा, त्याचे कर्ण जोडावेत आणि चारही बाजूंच्या मध्यबिंदूंना स्पर्श करणारे लंबवर्तुळ त्यात बसवावे. कर्ण जेथे छेदतात तो मैदानाचा खरा मध्य. लंबवर्तुळाचा मध्य त्याच्या किंचित अलीकडे, म्हणजे आपल्या बाजूला पडतो, आणि हे दोन्ही एकच मानल्यामुळे बहुतेक चित्रे बिघडतात. क्रिटामध्ये अशा चौकटीत लंबवर्तुळ बसवणारे सहायक साधन आहे. प्रत्येक पायरीची उंची वेगळी असल्यामुळे तिचे लंबवर्तुळही वेगळे काढावे लागते. एकच आकार लहान-मोठा करून चालत नाही. आपल्या डोळ्यांच्या पातळीवरील पायरी सरळ आडवी रेषा होते, तिच्याखालच्या पायऱ्यांचा वरचा पृष्ठभाग दिसतो, आणि तिच्यावरच्या पायऱ्यांची फक्त उभी बाजू दिसते. म्हणून आपण कोणत्या पायरीवर बसून पाहत आहात, हे आधी ठरवून त्या रेषेपासून आरंभ करावा.