सवलत कुणाच्या खिशात जाते?

मुंबईतल्या घरांच्या किमतींवर बरीच पत्रं आली. त्यातले चार प्रश्न आज घेतो.

बांधकामाला लागतो त्या खर्चाच्या कितीतरी पट भाव बिल्डर लावतात. सरकारने प्रीमियम (बांधकाम परवानगीसाठी बिल्डरकडून घेतलं जाणारं शुल्क) कमी केलं तर घरं स्वस्त होतील ना? (वाचक, भांडुप)

आपोआप होणार नाहीत. मुंबईत आपण विटा-सिमेंटपेक्षा जमीन आणि परवानगी जास्त विकत घेतो. जादा एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधायचं ते प्रमाण), फंजिबल (त्यावर मिळणारं वाढीव बांधकाम), जिना-लिफ्ट-लॉबी, अपुरी मोकळी जागा, प्रत्येकाचं प्रीमियम वेगळं, आणि त्यातलं बरंचसं रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारी दरपत्रकातल्या, जमीनदरावर मोजलेलं. वस्तीचा भाव चढला की सरकारचा वाटाही चढतो. मग भाव उतरावेत याची घाई तिजोरीला कशाला असेल?

पण खर्च घटला म्हणून बिल्डर भाव पाडत नाही. शेजारच्या टॉवरमध्ये काय दर चाललाय आणि गिऱ्हाइकाला किती हप्ता झेपतो, यावर भाव ठरतो. वाचलेल्या पैशातून तो पुढच्या प्लॉटसाठी जास्त बोली लावतो आणि सवलत जमीनमालकाच्या पदरात पडते. जानेवारी २०२१ मध्ये राज्य सरकारने वर्षअखेरपर्यंत प्रीमियममध्ये ५० टक्के सूट दिली, तेव्हा अट घातली होती की सूट घेणाऱ्या बिल्डरने ग्राहकाचं मुद्रांक शुल्क स्वतः भरायचं. मला ती अट सूटीपेक्षा महत्त्वाची वाटते. सूट जरूर द्या, पण लहान घरं किती, कोणत्या दराने आणि कधीपर्यंत, हे आधी लिहून घ्या.

अट सैल सोडली की काय होतं, ते गिरणगावाने पाहिलंय. १९९१ च्या नियमांत गिरण्यांच्या जमिनीचा साधारण एक तृतीयांश वाटा मोकळ्या जागेसाठी महापालिकेला आणि तेवढाच घरांसाठी म्हाडाला जायचा होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती ठेवली. गिरणी म्हणजे शेडच शेड. मोकळं असं कितीसं उरणार? २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती कायम केली.

आमच्या सोसायटीचा पुनर्विकास अडलाय. सभासद ४० टक्के जादा कार्पेट (घराच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ) मागताहेत, बिल्डर नाही म्हणतो. (सचिव, बोरिवली)

हिशेब मांडून बघा. समजा २० सभासद, प्रत्येकाचं ४०० फूट, म्हणजे ८,००० फूट. ४० टक्के वाढ दिली की ११,२००. हे फुकट बांधायचं, वर काम होईपर्यंतचं भाडं आणि कॉर्पस (बिल्डरने द्यायचा निधी). विक्रीला समजा ८,००० फूट उरलं, तर विक्रीच्या प्रत्येक फुटावर सभासदांच्या १.४ फुटांचं बांधकाम बसतं. तो बोजा उचलतो तुमच्या इमारतीत नव्याने येणारा शेजारी. बिल्डरच्या हावेवर सगळे बोलतात, सभेतल्या हावेवर कुणी बोलत नाही. तुमचा प्लॉट लहान असेल तर २५ टक्क्यांवर तडजोड करा, नाहीतर गळक्या छताखाली आणखी काही पावसाळे काढावे लागतील.

गोरेगावला ३८० फुटांचं घर ८० लाखांना पाहिलंय, काम चालू आहे. घर लहान आहे, तर १ टक्का जीएसटी लागेल ना?

नाही, ५ टक्के, म्हणजे ४ लाख. १ टक्क्यासाठी कार्पेट ६० चौरस मीटरच्या आत आणि किंमत ४५ लाखांच्या आत, दोन्ही लागतं. फुटांत तुम्ही सहज बसता, किमतीत नाही. २०१९ ची ही मर्यादा मुंबईसाठी थट्टाच आहे. इथे निदान निव्वळ क्षेत्रफळावर सवलत मिळायला हवी. ओसी (राहायला परवानगीचा दाखला) मिळालेलं घर घेतलं तर जीएसटी नाहीच. मुद्रांक शुल्क ६ टक्के. घर फक्त पत्नीच्या नावावर घेतलं तर ५, म्हणजे ८० हजार वाचतात. बँकेला मात्र आधी विचारा, कारण कर्ज दोघांच्या पगारावर असेल.

दर सोडतीला म्हाडाचा फॉर्म भरतो, लागत नाही. दोघांचं मिळून साडेआठ लाख उत्पन्न आहे. (परळ)

नवरा-बायकोचं उत्पन्न एकत्र धरतात, त्यामुळे तुम्ही अल्प उत्पन्न गटात, ६ ते ९ लाखांत. पण खरी अडचण गटाची नाही. या शहरातला कामगार पूर्वी घर विकत घेतच नव्हता, भाड्याने राहत होता. १९२० च्या दशकातल्या बीडीडी चाळींतली १६० फुटांची खोली सरकारनेच बांधलेली, भाड्याची. १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली आणि पुढे भाड्यासाठी चाळ बांधणं कुणालाच परवडेना. तशा पगारदारासाठी आज सोडतीशिवाय जवळपास काहीच उरलेलं नाही. सरकारने स्वतःच्या जमिनीवर भाड्याची लहान घरं पुन्हा बांधावीत, असं माझं मत आहे. मालकीच्याच नादाला लागून आपण तो रस्ता सोडला.

तोवर म्हाडाच्या कोकण मंडळाचा फॉर्मही भरा. ठाणे, कल्याण, वसईकडे मोठ्या खासगी प्रकल्पांतली २० टक्के योजनेतली, म्हणजे बिल्डरने राखून ठेवायची, घरं त्या सोडतीत येतात. स्टेशनपासूनचं अंतर आणि देखभाल खर्च मात्र जागेवर जाऊन बघा. घर लागलं नाही तर अनामत रक्कम परत मिळते.