दाताच्या दवाखान्यातलं धुकं

प्रश्न : वडील 71 वर्षांचे, दमेकरी. मागच्या आठवड्यात त्यांना दात साफ करायला नेलं. एसी हॉलमध्ये तीन खुर्च्या, मधे खांद्याएवढं पार्टिशन. शेजारी मशीन सुरू झालं तशी दिव्याखाली धुक्यासारखी वाफ दिसली. मी बाबांना तसंच उठवून घरी आणलं. आता दाढेचं रूट कॅनल सांगितलंय. कोरोना सरला, मग ही भीती माझ्या मनातलीच का?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : अगदीच मनातली नाही. पण दाढ पुढे ढकलू नका, पू कुणासाठी थांबत नाही.

तुम्ही पाहिलंत तो पाण्याचा चुरा. दात साफ करायच्या त्या मशीनचं, म्हणजे स्केलरचं, टोक सेकंदाला 25 ते 30 हजार वेळा थरथरतं, ते तापू नये म्हणून पाणी सोडतात. त्यातच लाळ, रक्त, दातांवरचं कीटण मिसळून उडतं. 2020 मध्ये दवाखाना बंद होता तेव्हा मी पाण्यात खायचा लाल रंग घालून सरावाच्या प्लॅस्टिकच्या जबड्यावर स्केलर चालवून पाहिला. ठिपके माझ्या चष्म्यावर, दिव्याच्या दांडीवर, अगदी मदतनीस मावशींच्या कोपरावरही. मग मोठ्या तोंडाची सक्शनची नळी जवळ धरून तेच केलं, तर अंथरलेला कागद जवळजवळ कोरा राहिला. (ओठात अडकवतात ती बारीक वाकडी नळी लाळेपुरती.)

ठिपका निदान पुसता येतो. काही मायक्रॉनचे कण मात्र हवेत तरंगत राहतात, आणि स्प्लिट एसी तीच हवा गार करून फिरवत बसतो. शेजारच्याला क्षय असेल, तर? कोरोनापेक्षा मला त्याचीच धास्ती जास्त. दोन आठवड्यांच्या वर खोकला असलेल्या पेशंटला मी आधी थुंकी तपासायला पाठवते, लोक रागावतात. नाशिकच्या थंडीत खिडकी उघडी ठेवायला काय हरकत असते, मला कळत नाही. सिंहस्थाच्या खोदकामांची धूळ येते, हे मान्य.

बाबांसाठी बंद खोलीतली एकच खुर्ची असलेला दवाखाना बघा आणि सकाळची पहिली वेळ मागा. फक्त खुर्चीच्या नळ्यांतलं रात्रभराचं पाणी आधी दोन मिनिटं वाहू दिलंय का, ते विचारा. त्या नळ्यांत बुळबुळीत थर धरतो. इटलीत 2011 साली 82 वर्षांच्या एका बाई अशाच पाण्यातून लिजिओनेला या न्यूमोनिया करणाऱ्या जिवाणूची लागण होऊन गेल्या. नुसतं वाहू देऊन थर जात नाही, नळ्या औषधानेही धुवाव्या लागतात. दात साफ करायचे राहिलेत, ते हाताच्या अवजारांनी करून मागा. वेळ जास्त लागेल, तुषार उडणार नाहीत.

रूट कॅनलला रबर डॅम लावायला सांगाच. रबराच्या पडद्यातून तेवढी एक दाढ वर येते, लाळ मागेच राहते. बाबा गुदमरल्यासारखं होतं म्हणतील, पण नाक मोकळंच असतं. खुर्ची पार आडवी करू देऊ नका, आणि इनहेलर त्यांच्या खिशात राहू द्या, गाडीत नको.