वाचकांचे प्रश्न: इमारतीचं रेटिंग नेमकं काय सांगतं?

प्रश्न: घोडबंदर रोडला फ्लॅट बघतोय. बिल्डर म्हणतो, इमारत 'ग्रीन रेटेड' आहे. म्हणजे विजेचं बिल कमी येईल ना? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: तेवढ्यावर भरवसा ठेवू नका. ग्रीन रेटिंगमध्ये पाणी, कचरा, बांधकामाचं साहित्य यांचेही गुण धरतात. विजेच्या बाबतीत जेमतेम असलेली इमारत बाकीच्या गुणांवर वर येऊ शकते. बिल्डरकडे थेट 'आरईटीव्ही'चा आकडा मागा. भिंती आणि खिडक्यांतून घरात किती उष्णता शिरते, ते त्यातून कळतं. घरांच्या ऊर्जाबचतीची सरकारी नियमावली असलेल्या 'इको निवास संहिता 2018'नुसार आपल्या हवामानात तो चौरस मीटरला 15 वॉटच्या वर नसावा. छत यात येत नाही. फ्लॅट सर्वांत वरच्या मजल्यावर असेल, तर छताची यू-व्हॅल्यू, म्हणजे छतातून उष्णता किती सहज आत येते त्याचा आकडा, 1.2 च्या आत आहे का, हे वेगळं विचारा.

दुसरी गोष्ट टेप घेऊन स्वतः मोजा. दमट हवेसाठी संहिता सांगते, की बाहेर उघडणाऱ्या खिडक्या-दारांची मोकळी जागा कार्पेटच्या 16.66 टक्के, म्हणजे एक षष्ठांश हवी. 540 चौरस फुटांच्या घराला 90 चौरस फूट. गल्लत होते ती इथेच: 6 बाय 4 ची दोन पल्ल्यांची सरकती खिडकी 24 चौरस फुटांची दिसते, पण एका वेळी एकच पल्ला उघडतो. धरायचे 12. पुढे बाल्कनी पक्क्या काचेने बंद केलीत, तर तिथलीही हवा गेली. तसं कृपया करू नका.

खिडक्या पश्चिमेला असतील तर छज्जा पुरत नाही, कारण दुपारनंतरचं ऊन तिरपं येतं. बाहेरून चिक किंवा उभ्या पट्ट्यांचे लूव्हर लावा. आतला पडदा ऊन अडवतो खरा, पण तोवर उष्णता काचेच्या आत आलेली असते.

प्रश्न: वाशीत आमच्या कंपनीची स्वतःची ऑफिस इमारत आहे. तिला किती स्टार मिळतील? (एक वाचक, नवी मुंबई)

उत्तर: आधी 'ईपीआय', म्हणजे दर चौरस मीटरमागे वर्षाला किती वीज लागते, तो आकडा काढा: वर्षाची एकूण युनिटं भागिले बांधीव क्षेत्र, चौरस मीटरमध्ये. महावितरणची 12 बिलं घ्या. 3,00,000 युनिटं आणि 2,000 चौरस मीटर असतील, तर ईपीआय 150. आकडा जितका कमी, तितके स्टार जास्त.

चुका ठरलेल्या असतात. क्षेत्र चौरस फुटांतच राहतं आणि ईपीआय जवळजवळ अकरा पटींनी कमी दिसतो. पार्किंग आणि तळघर वगळायचं विसरतात. जनरेटरवर तयार झालेली वीज मिळवायची राहते. तीही धरायची असते. गच्चीवरच्या सोलरची मात्र धरत नाहीत.

ऐरोलीतल्या रात्रंदिवस चालणाऱ्या कॉल सेंटरशी तुमच्या एका शिफ्टच्या ऑफिसची तुलना करू नका. स्टार देणारी सरकारी संस्था बीईई (ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो) अशा बीपीओंसाठी ताशी सरासरी वापर बघते, आणि ते योग्यच आहे.

प्रश्न: जुना एसी 5 स्टारचा आहे. नवा 3 स्टारचा त्याहून वाईटच ना? (एक वाचक, कळवा)

उत्तर: तसं नाही. निकष मधूनमधून कडक होतात, म्हणून लेबलवरचा कालावधी बघा आणि आयएसईईआरचा (एसी तेवढ्याच विजेत किती थंडावा देतो, त्याचा) आकडा ताडून घ्या; तो जितका जास्त, तितका एसी चांगला. लेबलवरची वार्षिक युनिटं 1,600 तासांच्या वापरावर काढलेली असतात. तुमचा एसी त्याच्या दुप्पट चालत असेल, तर खर्चही त्याच हिशेबाने धरा.